पारदर्शक पीव्हीसी टेबल कव्हर (2 मिमी): पावसाळा ते उन्हाळा वापरून झाल्यावर

पावसाळ्याच्या तोंडावर ऑनलाइन मागवलं होतं, आता एप्रिल संपत आला, म्हणून सविस्तर लिहितोय. पार्सल उघडल्या उघडल्या पाच स्टार देणाऱ्यांचं ऐकू नका, हे कव्हर काय चीज आहे ते उन्हाळ्यातच कळतं.

चांगलं आधी. दिसायला एकदम काचेसारखं, गुंडाळीचा बाक दोन-तीन दिवसांत बसला, ताटांचा खणखणाट गेला, आमटी सांडली तरी एक ओलं फडकं पुरतं. सुरुवातीला वास येतो, नवीन गाडीत येतो ना तसला, तो गॅलरीत टाकून ठेवल्यावर बराच कमी झाला.

आता मेन मुद्दा. मार्चमध्ये टेबल पुसायला म्हणून कव्हर उचलायला गेलो तर उचलेचना, कोपरा धरून ओढलं तर चर्र आवाज करत निघालं आणि खाली सागवानाचं जुनं लॅकर पॉलिश नखाने ओरखडा पडेल इतकं मऊ, वरून ओशट. सेलरला फोटो पाठवले तर म्हणे सर, मॉइश्चर असेल. अहो मॉइश्चर टिश्यूवर तेलकट डाग पाडतं का?

होतं काय, की पीव्हीसी मुळात कडक, आपले नळाचे पांढरे पाइप असतात तसं. त्याची अशी मऊ शीट करायची तर प्लास्टिसायझर नावाचं तेलासारखं द्रव घालतात, आणि ते चिमूटभर नाही, वजनाच्या 30-40 टक्के सुद्धा असतं. ते पीव्हीसीला पक्कं जोडलेलं नसतं, नुसतं त्याच्या लांबलचक रेणूंच्या साखळ्यांच्या मधे मधे शिरून बसलेलं असतं, त्यामुळे शेजारी सामावून घेणारं कोणी भेटलं की हळूहळू तिकडे सरकतं, आणि गरमी वाढली की स्पीड वाढतो. लॅकर त्याला घेतं, काच घेत नाही. शाळेत खोडरबर कंपासपेटीत प्लास्टिकच्या पट्टीला चिकटून पट्टी वितळल्यासारखी व्हायची, तो हाच प्रकार, तसले खोडरबर पीव्हीसीचेच असतात आणि त्यांच्यावरचं कागदाचं कव्हर त्यासाठीच असतं (आपण ते पहिल्या दिवशी फाडायचो).

उलटा प्रवासही होतो बरं का. हळदीचा डाग वर बसत नाही, आत शिरतो, कितीही घासा. उन्हात ठेवलं की मात्र फिका पडतो, हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही म्हणून. टेबल लॅम्पच्या काळ्या रबरी पायांनी चार तपकिरी गोल उमटवलेत, रबरातली केमिकल्स शीटमध्ये उतरलीत, ते काही जात नाहीत. आणि तेलाची बरणी जिथे कायम असते तिथे शीट हाताला कडक लागते, तेलाने तिथलं प्लास्टिसायझर ओढून घेतलंय.

म्हणूनच लिस्टिंगमध्ये 'फूड ग्रेड' लिहिलेलं असलं तरी तूप लावलेली गरम पोळी थेट त्याच्यावर ठेवू नका. कुठलं प्लास्टिसायझर घातलंय ते सेलर सांगतच नाही, मी दोनदा विचारलं. डीईएचपीसारख्या थॅलेटवर (थॅलेट म्हणजे प्लास्टिसायझरचाच एक प्रकार) युरोपात खेळण्यांसाठी 0.1 टक्क्याची मर्यादा आहे, ती काय उगाच नाही. गंमत म्हणजे रक्ताच्या पिशव्याही मऊ पीव्हीसीच्या, त्यातूनही डीईएचपी रक्तात उतरतं हे 1970 च्या सुमारासच कळलं होतं, पण त्याने लाल पेशी जास्त टिकतात म्हणून ते अजून पूर्ण हद्दपार झालेलं नाही.

पॉलिशवाल्याने खरवडून नव्याने करायचा जो आकडा सांगितला तो कव्हरच्या किमतीच्या कितीतरी पट. कव्हर आता काचेच्या टीपॉयवर कापून टाकलंय, तिथे काही तक्रार नाही. लाकडावर टाकायचंच असेल तर मधे जाड सुती कापड घाला (पारदर्शकची मजा जाते, इलाज नाही) आणि महिन्यातून एकदा उचलून बघा. काचेच्या टेबलासाठी चार स्टार, पॉलिशच्या लाकडासाठी एक, इथे सरासरी मारून अडीच देता येत नाहीत म्हणून दोन देतोय. आणि मापाला कापताना कात्री नको, स्टीलची पट्टी धरून कटर चालवा, कात्रीने कड वेडीवाकडी येते.