छोट्या महाविद्यालयातील राज्यशास्त्र : तीन सत्रांनंतरचा अनुभव

बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाल्यावर मी सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी बी. ए.ला प्रवेश घेतला, तेव्हा घरी पहिला प्रश्न आला तो ‘मग स्पर्धा परीक्षाच करायची ना?’ असा. दुसरा प्रश्न कोणी विचारलाच नाही. राज्यशास्त्र हा विषय स्वतःसाठी शिकता येतो, ही कल्पना आमच्याकडे फारशी रुळलेली नाही आणि खरे सांगायचे तर प्रवेश घेताना ती माझ्याही डोक्यात नव्हती. आता तीन सत्रे संपली आहेत, दुसऱ्या वर्षी मी हाच विषय मुख्य म्हणून घेतला आहे, आणि जिथे शिकवणारे एक, शिकणारे अकरा अशा ठिकाणी हा विषय घेतल्यास पदरात नेमके काय पडते, ते लिहिण्याइतका अनुभव गाठीशी जमला आहे.

विभाग म्हणजे एक कायम प्राध्यापक आणि तासिका तत्त्वावर येणारे एक शिक्षक, जे याच आठवड्यात आणखी दोन महाविद्यालयांत तास घेतात. पहिल्या वर्षी मोठ्या वर्गात ऐंशीच्या आसपास मुले असत. दुसऱ्या वर्षी मुख्य विषय घेणारे अकराच उरलो आणि आमचे तास विभागाच्या खोलीत, दोन टेबले जोडून होऊ लागले. या खोलीत मागचा बाक नाही. वाचून न आल्यास ते पाच मिनिटांत उघडे पडते. मोठ्या शहरातील महाविद्यालयात शिकणारी माझी एक मैत्रीण सांगते की तिच्या प्राध्यापकांना तिचे नाव ठाऊक नाही. आमच्या सरांना मात्र मी सकाळी कोणत्या एसटीने येते, हेही ठाऊक आहे. याचा फायदा आणि जाच मला सारखाच झाला आहे.

मराठीतून राज्यशास्त्र शिकताना पहिली अडचण येते ती शब्दांची, आणि ती अडचण हाच पहिल्या सत्राचा खरा अभ्यासक्रम होता, असे आता वाटते. ‘राज्य’ हा एकच शब्द घ्या. लोकसंख्या, भूप्रदेश, शासन आणि सार्वभौमत्व हे चार घटक असलेली संस्था तीही राज्य आणि सार्वभौमत्व नसलेले महाराष्ट्र तेही राज्य. काही पुस्तके पहिल्यासाठी ‘राज्यसंस्था’ आणि दुसऱ्यासाठी ‘घटकराज्य’ असे शब्द वापरून सुटका करून घेतात, काही पुस्तके तेवढीही तसदी घेत नाहीत. त्यातच संविधानाच्या अनुच्छेद १२ मध्ये मूलभूत हक्कांच्या संदर्भात ‘राज्य’ या संज्ञेत स्थानिक प्राधिकरणांचाही समावेश होतो, म्हणजे त्या अर्थाने आमची ग्रामपंचायतसुद्धा राज्यच झाली. वर्तमानपत्रे ‘कलम’ म्हणतात, संविधानाची अधिकृत मराठी प्रत ‘अनुच्छेद’ म्हणते. उद्देशिकेत हिंदीत ‘पंथनिरपेक्ष’ आहे, मराठीत ‘धर्मनिरपेक्ष’. सरांनी या दोन शब्दांवर एक पूर्ण तास घेतला आणि शेवटी उत्तर दिले नाही. तेव्हा मला राग आला होता. विज्ञान शाखेतून आलेल्या माणसाला उत्तर मिळाल्याशिवाय तास संपल्यासारखे वाटत नाही.

या विषयाचे एक सुख असे की महाराष्ट्रात राहून तो कधी शिळा होत नाही. दहाव्या अनुसूचीचा पाठ आमच्या जुन्या पुस्तकात दोन पानांत आटोपला आहे : १९८५ ची ५२ वी घटनादुरुस्ती, पक्षांतराला आळा, आणि एक तृतीयांश सदस्य फुटल्यास मिळणारी सवलत. ती सवलत २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने काढून टाकली, याची त्या पुस्तकाला खबर नाही. सरांनी ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षावर दिलेल्या निकालाची निवडक पाने छापून आणली आणि आम्हाला एकेक परिच्छेद वाटून त्याचे मराठी करायला लावले. ‘राजकीय पक्ष’ आणि ‘विधिमंडळ पक्ष’ (म्हणजे त्या पक्षाचे सभागृहातील आमदार) यांतला फरक आम्हाला तीन तास पुरला. प्रतोद, म्हणजे आमदारांना पक्षाचा आदेश बजावणारा, नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नव्हे, असे न्यायालय म्हणते. बहुमत चाचणी बोलावण्याचा राज्यपालांचा निर्णय समर्थनीय नव्हता असेही म्हणते. आणि तरीही मुख्यमंत्र्यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्यामुळे त्यांना पुन्हा पदावर बसवता येत नाही, असेही म्हणते. अकरा जणांत दोन्ही बाजूंची घरे होती. आवाज चढले, पण बोलायचे तर हातातल्या पानावर बोट ठेवूनच बोलायचे, हा सरांचा नियम मोडला नाही. त्याच ९१ व्या दुरुस्तीने मंत्रिमंडळाच्या आकारावर मर्यादा घातली आहे : मुख्यमंत्र्यांसह सभागृहाच्या १५ टक्के. फळ्यावर २८८ चे १५ टक्के ४३.२ आले आणि ‘हा पॉइंट दोन मंत्री कुठे बसवायचा?’ यावर वर्ग जो हसला, तेव्हापासून ४३ हा आकडा कोणालाही पाठ करावा लागलेला नाही.

लहान गावातील महाविद्यालयाचा खरा लाभ मला तिसऱ्या सत्रात कळला. पंचायत राज शिकताना १९९२ ची ७३ वी घटनादुरुस्ती, तिची २४ एप्रिल १९९३ पासूनची अंमलबजावणी, त्याआधीच १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात सुरू झालेली त्रिस्तरीय रचना, हे सगळे कोणत्याही मार्गदर्शिकेत मिळते. आम्हाला मात्र आपापल्या गावच्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला बसून टिपण लिहायचे होते. माझ्या गावात मतदार एकोणीसशेच्या घरात आहेत. गणपूर्तीसाठी १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी ती लागते, म्हणजे शंभर माणसे हवीत. मारुतीच्या देवळासमोर अंथरलेल्या सतरंजीवर मी मोजली तेव्हा एक्केचाळीस होती, त्यांतल्या बायका सहा, आणि त्या सहांत मी एक. तासाभराने ‘कोरम नाही, सभा तहकूब’ असे जाहीर झाले आणि लोक चहाला पांगले. पुढच्या आठवड्यात तीच सभा सव्वीस जणांत पार पडली, कारण तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. घरकुलांची यादी वाचली गेली, पाण्याच्या टाकीचा ठराव झाला, कोणी हरकत घेतली नाही.

मी टिपणात हे सगळे नोंदवले आणि ‘प्रत्यक्ष लोकशाहीचा अभाव’ असा निष्कर्ष मोठ्या आवेशाने लिहिला. सरांनी त्याखाली लाल शाईने एवढेच विचारले की तहकूब सभेलाही शंभरची अट घातली असती, तर टाकीचा ठराव कधी झाला असता? कायद्यातील पळवाट आणि कायद्यातील सोय या एकाच तरतुदीच्या दोन बाजू असू शकतात, हे मला त्या एका ओळीने जितके समजले, तितके कोणत्याही व्याख्येने समजले नसते. शहरातील महाविद्यालयात हे होऊ शकत नाही असे माझे म्हणणे नाही. पण तिथे ग्रामसभा ही सहल असते, इथे ती वडिलांच्या ओळखीच्या माणसांची बैठक असते, आणि टिपण खरे लिहायचे की गोड, हा प्रश्न रात्री जेवताना समोर येऊन बसतो.

आता तक्रारी. ग्रंथालयात राज्यशास्त्राचे एक कपाट आहे आणि त्याला कुलूप आहे. पुस्तक हवे असल्यास चिठ्ठीवर नाव लिहून द्यावे लागते. पण कपाटात काय आहे हे न पाहता नाव कोणते लिहायचे, याचा खुलासा होत नाही. आंतरराष्ट्रीय राजकारणावरचे जे पुस्तक मला पहिल्यांदा मिळाले, त्यात डिसेंबर १९९१ मध्ये विसर्जित झालेला सोव्हिएत संघ वर्तमानकाळात नांदत होता. परिणामी माझा बराच अभ्यास मोबाइलवर झाला. मराठी विश्वकोशातील नोंदी संज्ञा पक्क्या करण्यासाठी उत्तम आहेत, आणि संविधान सभेतील चर्चा इंग्रजीत का होईना, विनामूल्य वाचता येतात. २५ नोव्हेंबर १९४९ चे बाबासाहेबांचे भाषण तर पूर्ण वाचावे. आपल्याकडे त्यातली दोनच वाक्ये सभांमधून फिरत असतात.

याहून मोठी तक्रार अशी की इथे विषय एका माणसावर उभा आहे. तिसऱ्या सत्रात नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, तयारीसाठी सरांकडे फायली आल्या आणि जवळजवळ सहा आठवडे आमचे तास बंद राहिले. पाश्चात्त्य विचारवंतांचा पेपर त्यातच गेला : प्लेटो आणि अॅरिस्टॉटल सावकाश झाले, हॉब्ज, लॉक आणि रूसो एका आठवड्यात उरकले, मार्क्सच्या वाट्याला झेरॉक्सची चार पाने आली. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांनी शक्य तेवढे भरून काढले, पण त्यांची पुढची एसटी ठरलेली असते. संस्था व्यक्तींवर अवलंबून असू नयेत, असे आम्ही पहिल्याच पाठात शिकलो होतो, याची आठवण वर्गात कोणीतरी करून दिली. सरही हसले, जरा उशिरा.

परीक्षेविषयी थोडक्यात लिहिते, कारण लिहिण्यासारखे थोडेच आहे. प्रश्न फिरून फिरून तेच येतात आणि मार्गदर्शिका वाचून उत्तीर्ण होता येते. ग्रामसभेच्या टिपणाला अंतर्गत परीक्षेत चांगले गुण मिळाले. तेच निरीक्षण सत्रान्त परीक्षेच्या उत्तरात घातले, तेव्हा त्याचा उपयोग झालेला गुणांवरून तरी दिसला नाही.

स्पर्धा परीक्षेसाठी म्हणून हा विषय घेणाऱ्यांना एवढे सांगते की केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध या वैकल्पिक विषयाचे प्रत्येकी २५० गुणांचे दोन पेपर असतात, आणि त्यांतील विचारप्रणाली व भारतीय शासनाच्या भागाला ही पदवी चांगला पाया देते. आंतरराष्ट्रीय संबंधांचा भाग मात्र अशा महाविद्यालयाच्या भरवशावर ठेवू नये.

माझी चुलत बहीण यंदा बारावी झाली आणि इथेच प्रवेश घ्यावा का, असे मला विचारत होती. मी तिला म्हटले, प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी दुसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठ आणि मागच्या सत्रात प्रत्यक्ष किती तास झाले ते विचार; मग ग्रंथालयात जा आणि राज्यशास्त्राचे कपाट उघडून दाखवायला सांग. ती गेली. किल्ली असलेला शिपाई त्या दिवशी रजेवर होता.