शिसं नसलेला प्लग: वाफेच्या रोलरच्या दुरुस्तीत झालेली आमची फसवणूक

जुना वाफेचा रोडरोलर, ट्रॅक्शन इंजिन किंवा बॉयलर असलेलं कुठलंही जुनं यंत्र घेऊन ते परत चालू करायचा ज्यांचा विचार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमचे साडेचार लाख गेले. ते मिळतील तेव्हा मिळतील, नुसत्या पैशांसाठी मी एवढं लिहायला बसलो नसतो. ज्याने आम्हाला फसवलं त्याने काम पूर्ण झालं म्हणून जो बॉयलर आमच्या ताब्यात दिला, तो पेटवला असता तर आजूबाजूला उभ्या असलेल्यांपैकी कोणाचा तरी जीव गेला असता. आणि तो माणूस अजून कामं घेत फिरतोय.

गोव्यात डिचोलीला आमचं छोटं वर्कशॉप आहे. एक लेथ, एक रेडियल ड्रिल, वेल्डिंगचे दोन सेट आणि मागे पत्र्याची शेड. काकांनी ते खाणी जोरात होत्या तेव्हा उभं केलं. टिपरची आणि बार्जींची कामं रात्रंदिवस असायची. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या, मध्ये थोड्या चालल्या, २०१८ च्या मार्चपासून परत थंडावल्या. हातात कसब होतं, वेळ होता, आणि काकांच्या मनात लहानपणी पाहिलेला साबांखाचा (सार्वजनिक बांधकाम खात्याचा) वाफेचा रोलर होता. तसाच एक रोलर आमच्याच तालुक्यात एका जुन्या रस्ता कंत्राटदाराच्या भाटात काजूच्या झाडांखाली गंजत पडला होता. भंगारअड्डेवाले त्याच्यावर टपून होते. आम्ही भंगाराच्या भावापेक्षा थोडे जास्त देऊन तो उचलला.

रोलर टेल्कोचा, जमशेदपूरचा. १९४८ साली टेल्कोने इंग्लंडच्या मार्शल कंपनीच्या सहकार्याने वाफेचे रोडरोलर काढले, त्या जातीतला. शेतावर नांगर आणि मळणीयंत्र चालवणारं इंग्लंडचं ट्रॅक्शन इंजिन आणि हा रोलर मुळात एकच यंत्र. पुढच्या चाकांच्या जागी लोखंडी रूळ बसवला की झाला रोलर. या दोघांनाही वेगळी चासी नसते, हे इथे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. बॉयलर हीच चासी. सिलिंडर बॉयलरच्या पाठीवर बोल्ट केलेला, फायरबॉक्सच्या, म्हणजे विस्तवाच्या कप्प्याच्या, बाजूच्या प्लेटा वर वाढवून त्यांतच क्रँकशाफ्टचे बेअरिंग बसवलेले. बॉयलर निकामी म्हणजे यंत्रच निकामी. आणि बॉयलर आतून कसा आहे, हे बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही.

गिअर, बुश, पिना, स्टिअरिंगची साखळी, हे सगळं आम्ही घरीच केलं. बॉयलरला मात्र आम्ही हात लावला नाही. तसं कायद्यानेच करता येत नाही. बॉयलरच्या दुरुस्तीला मान्यताप्राप्त रिपेअरर लागतो, वेल्डरकडे त्याचं स्वतःचं सर्टिफिकेट लागतं आणि प्लेट किंवा स्टे (फायरबॉक्सची आणि बाहेरची प्लेट एकमेकींना बांधून ठेवणारा दांडा) बदलायचा तर आधी मुख्य निरीक्षकांची लेखी परवानगी लागते. १९२३ च्या कायद्यात हे होतंच, आता २०२५ चा नवा बॉयलर कायदा आलाय.

तो माणूस आला एका ओळखीच्या बेअरिंगवाल्यामार्फत. वय पन्नाशीच्या पुढचं, बोलणं मऊ. जहाजदुरुस्तीत काम केलंय, काजू कारखान्यांचे बॉयलर करतो, असं म्हणाला. खिशातून छोटा हातोडा काढून त्याने फायरबॉक्सचा एकेक स्टे वाजवून पाहिला आणि आवाजावरून दोन स्टे तुटलेत म्हणून सांगितलं. ते दोन खरंच तुटलेले होते. कामाचा जाणकार होता, यात शंका नाही. अशा माणसाची फसवणूक ओळखायला म्हणूनच जास्त कठीण जाते. रिपेअरर म्हणून मान्यतेच्या कागदाची झेरॉक्स त्याने दिली, जुन्या कामांचे फोटो दाखवले, दोन गिऱ्हाइकांचे नंबर दिले. आम्ही दोघांनाही फोन केला, दोघांनी तोंड भरून स्तुती केली. पुढे कळलं की त्यातला एक त्याचा मेव्हणा.

तीसेक ट्यूबा (विस्तवाचा धूर पाण्यातून पुढे नेणाऱ्या नळ्या) बदलणे, स्टे बदलणे, परवानगीची कागदपत्रं, प्लेटांची जाडी अल्ट्रासॉनिकने मोजणे, हायड्रॉलिक टेस्ट (पाणी भरून, दाब देऊन केलेली तपासणी), सर्टिफिकेट, असा सगळा मिळून आकडा ठरला. अर्धे पैसे आगाऊ घेतले, बाकीचे टप्प्याटप्प्याने.

काम आमच्याच शेडमध्ये झालं, आणि तरी आम्हाला ते बघता आलं नाही. हे त्याने कसं जमवलं ते नीट वाचा. ट्यूबा बसवायच्या वेळी तो म्हणाला, "शेट, आता रेडिओग्राफी आहे. रेडिएशनचा सोर्स आणणार. दोन दिवस शेडकडे कोणी फिरकायचं नाही, पोरांना तर अजिबात पाठवू नका." पिवळी-काळी पट्टी बांधली, बोर्ड लावला. शेजारच्या घरात लहान मुलं आहेत, त्यामुळे आम्ही स्वतःच सगळ्यांना लांब ठेवलं. खरी रेडिओग्राफी कशी असते ते मी नंतर माहिती असलेल्या माणसांकडून समजून घेतलं. अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी असलेली एजन्सी येते, काम करणाऱ्यांच्या छातीवर डोस मोजणारे बॅज असतात, हातात रेडिएशन मोजणारा सर्व्हे मीटर असतो, काम साधारण रात्री काही तासांत उरकतं आणि प्रत्येक सांध्याची फिल्म गिऱ्हाइकाला दाखवता येते. मुळात रेडिओग्राफी वेल्डिंगच्या सांध्यांची करतात. ट्यूबा तर एक्स्पांडरने फुगवून ट्यूबप्लेटमध्ये घट्ट बसवायच्या असतात, तिथे एक्स-रे काढायचा कशाचा? त्या दोन दिवसांत त्याला आमचे डोळे तिथे नको होते.

त्याआधीच फिटिंग्ज गेल्या होत्या. सेफ्टी व्हॉल्व्ह, बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा इंजेक्टर, पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेचे कॉक, शिट्टी, सगळं गनमेटलचं, म्हणजे तांबं-कथलाच्या महाग मिश्रधातूचं. टेस्टिंग आणि कॅलिब्रेशनला पाठवतो म्हणून त्याने खोक्यात भरून नेलं, वहीवर सहीसुद्धा केली. परत आलं ते पॉलिश केलेलं, चकचकीत. शिट्टी आणि इंजेक्टर "मागाहून येतील" म्हणाला, ते आजतागायत आलेले नाहीत. सेफ्टी व्हॉल्व्ह परत आला तो दिसायला तसाच, पण हातात घेतला की हलका लागायचा.

शेवटी एक फाइल हातात दिली. जाडीचा रिपोर्ट, हायड्रॉलिक टेस्टचा फोटो, आणि दुसऱ्या एका राज्यातल्या कार्यालयाचा शिक्का असलेलं सर्टिफिकेट. उरलेले पैसे घेतले आणि गेला.

आता प्लगविषयी. फायरबॉक्सच्या छताला, म्हणजे क्राउन शीटला, एक फ्युजिबल प्लग असतो. गनमेटलचा बोल्ट, मधोमध भोक आणि त्या भोकात शिसं ओतलेलं. छतावर पाणी आहे तोवर शिसं थंड राहतं. थंड म्हणजे किती, तर १५० पौंड दाबाला पाणी आणि वाफ सुमारे १८५ अंश सेल्सिअसला असतात, आणि शिसं वितळतं ३२७ अंशांना. पाणी छताच्या खाली गेलं तर खालच्या विस्तवाने पत्रा तापत जातो, शिसं वितळून गळतं, भोकातून वाफ फायरबॉक्समध्ये सुटते आणि ड्रायव्हरला कळतं. प्लग नसेल तर पत्रा लाल होतो, मऊ पडतो, वरच्या दाबाने खाली फाटतो आणि आतल्या सगळ्या पाण्याची एका क्षणात वाफ होते. २००१ च्या जुलैत अमेरिकेत ओहायोमधल्या मेडिना इथे जत्रेसाठी आणलेलं एक ट्रॅक्शन इंजिन असंच फुटलं. पाणी कमी झालं होतं, क्राउन शीट झिजलेली होती. पाच माणसं गेली. त्यानंतर त्या राज्याला अशा हौशी लोकांच्या जुन्या बॉयलरांसाठी वेगळा कायदा करावा लागला.

पेटवायच्या आधी प्लग काढून बघायचा हा काकांचा हट्ट. ते फायरबॉक्सच्या तोंडातून खांद्यापर्यंत आत शिरले, मी बाहेरून बॅटरी धरली. प्लग हातात आला. पितळी पिवळा, आणि तोंडावर मधोमध राखाडी गोल, जसा असायला हवा तसा. काकांनी खिळ्याने त्या गोलावर ओरखडा काढला. शिसं नखानेसुद्धा ओरखडतं. इथे खिळा घसरला आणि राखाडी रंगाची खपली उडाली. खाली पिवळंच. काका मला म्हणाले, "अरे, ह्याला शिसंच नाही." सबंध पितळेचा बोल्ट होता, त्याच्यावर रंगाचा ठिपका काढला होता.

पैशांसाठी गनमेटल चोरणारा चोर मी समजू शकतो. शंभर-दोनशे रुपयांचं शिसं वाचवण्यासाठी रंगाचा ठिपका काढणारा माणूस मला समजत नाही. त्याला प्लग कशासाठी असतो हे पक्कं ठाऊक होतं.

मग आम्ही सगळंच तपासायला घेतलं. स्मोकबॉक्सचं, म्हणजे पुढच्या धुराच्या कप्प्याचं, दार उघडून ट्यूबेत बोट घातलं, तर आतल्या बाजूला लांबच लांब उभी शिवण बोटाला लागली. बॉयलरसाठी विनाशिवणीच्या ट्यूबा ठरल्या होत्या, बिलातही तेच. ही साधी पाण्याची पाइप होती, वरचा जस्ताचा थर घासून काढलेली. टोकं एक्स्पांडरने फुगवलेली नव्हतीच. साध्या वेल्डिंगचे टाके मारून, फटींत एपॉक्सी भरून वर काळा रंग फासला होता. जाडीच्या रिपोर्टात सगळीकडे एकच आकडा, साडेनऊ मिलिमीटर. इतकी वर्षं पावसात पडलेली प्लेट सगळीकडे सारखी राहूच शकत नाही. तळाशी, जिथे गाळ साचतो तिथे, ती हमखास खाल्लेली असते. आम्ही दुसऱ्या माणसाकडून मोजून घेतलं तेव्हा तिथला आकडा ऐकून काका खालीच बसले. टेस्टच्या फोटोत गेजचा काटा २२५ पौंडांवर होता, म्हणजे चालू दाबाच्या दीडपट, बरोबर. पण गेज नीट बघितलं तर त्याच्याखालचा कॉक बंद दिसत होता. काटा आधीच वर अडकवलेला.

राहिलं सर्टिफिकेट. प्रत्येक नोंदणीकृत बॉयलरच्या अंगावर त्याचा नंबर ठोकलेला असतो. आमच्या बॉयलरच्या मागच्या प्लेटवर रंगाचे थरावर थर होते, काही दिसत नव्हतं. रंग खरवडून वर खडू आडवा घासला, तसे अक्षरं-आकडे वर आले. सर्टिफिकेटवरचा नंबर वेगळाच. पणजीला आल्तिनोवर कारखाने व बॉयलर निरीक्षण कार्यालयात दोन्ही नंबर घेऊन गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ज्या राज्याचा शिक्का होता तिथे विचारणा केली. तो नंबर एका वेगळ्याच, उभ्या बॉयलरचा निघाला. आमच्या बॉयलरच्या दुरुस्तीसाठी कुठे अर्जसुद्धा झालेला नव्हता.

पोलिसांत तक्रार दिली आहे. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८ आहे, आणि विश्वासाने दिलेली वस्तू लाटली तर ३१६. फिटिंग्ज नेताना त्याने आमच्या वहीवर केलेली सही इथे उपयोगी पडली, म्हणून सांगतो: बाहेर जाणाऱ्या प्रत्येक नगाचं वजन करून, फोटो काढून, सही घेऊन मगच तो सोडा. वजन लिहिलेलं असलं की बदललेला माल लगेच पकडता येतो.

रिपेअररचा कागद खरा की खोटा हे झेरॉक्सवरून ठरवू नका, तो ज्या कार्यालयाने दिला त्या कार्यालयालाच विचारा. तिथे विचारायला पैसे पडत नाहीत. हायड्रॉलिक टेस्ट फोटोत बघू नका, समोर उभं राहून बघा, आणि गेज आपलं स्वतःचं, तपासून आणलेलं लावा. बॉयलर पाण्याने गच्च भरलेला हवा, आत हवा राहता कामा नये. पंप थांबवल्यावर काटा जागच्या जागी राहिला पाहिजे. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कुठे बारीक गळती असली तरी काटा लगेच घसरतो. हवेने टेस्ट करू म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा, हवेवर फुटलेला बॉयलर बॉम्बसारखा उडतो. नव्या ट्यूबांचं मिल सर्टिफिकेट, म्हणजे बनवणाऱ्या कारखान्याचा दाखला, मागा, त्यावरचा हीट नंबर (पोलाद ओतलेल्या घाण्याचा नंबर) ट्यूबेवर छापलेला असतो, बसवण्याआधी तो ताडून बघा. आणि रेडिओग्राफीचं नाव निघालं तर एजन्सीचं परवानापत्र आणि नंतर फिल्म, दोन्ही मागा.

रोलर शेडमध्येच आहे. ट्यूबा कापून काढल्यात. काका म्हणतात, या वेळी आधी निरीक्षकांकडे अर्ज आणि मग हातोडा. तळाची प्लेट बदलायला लागणार, ते काम मोठं आहे, पण सोडायचं नाही असं ठरलंय.

आमच्या फिटिंग्ज अजून कुठेतरी आहेत. गनमेटलची शिट्टी, हाताच्या वितीएवढी, कडेला एक जुनी चेप. इंजेक्टर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह, दोन्हींच्या फ्लँजच्या मागच्या बाजूला काकांनी नेण्याआधी सेंटर पंचने त्रिकोणात तीन ठिपके मारले होते. गोव्यात, सावंतवाडी-दोडामार्गाकडे किंवा बेळगावच्या बाजूला कुठल्या भंगारअड्ड्यावर, जुन्या वस्तूंच्या दुकानात असं काही दिसलं तर विकत घेऊ नका. फोटो काढा आणि डिचोली पोलीस स्थानकात कळवा.