गिट-के, आठ महिन्यांनंतर: पैसे वाचले, वेलांटी गेली

गिट म्हणजे फाइलींमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी प्रणाली. ती खिडकीतून वापरायला पैसे भरून घेतलेल्या क्लायंटचं वर्षाचं लायसन्स संपलं आणि नवीन आकडा आला. सपोर्टला लिहिलं तर तीन दिवसांनी तोच आकडा, फक्त जास्त गोड भाषेत. म्हटलं, राहू दे. उबुंटू लिनक्सवर गिट-के (जुन्या नोंदींची हिस्टरी चित्रात दाखवणारं) आणि गिट गुई (नवे बदल नोंदवायचं) टाकलं. ही दोन्ही पॅकेजं वेगळी घ्यावी लागतात, नुसत्या गिटबरोबर येत नाहीत.

दिसायला जुनाट आहे. पहिल्या दिवशी अक्षरं मुंगीएवढी होती, ती सेटिंगमध्ये वाढवली. वेग उत्तम. गिट गुईत उजवं क्लिक करून एकेक ओळ स्टेज करता येते, म्हणजे पुढच्या नोंदीसाठी निवडता येते; याच सोयीसाठी मी आधी पैसे मोजत होतो!

पण वेलांटी. आमच्या शब्दकोशाच्या प्रकल्पात कमिट मेसेज, म्हणजे प्रत्येक नोंदीबरोबरची टीप, मराठीत लिहितो. गिट-केमध्ये 'किल्ली'ची पहिली वेलांटी 'क'च्या आधी न येता नंतर येऊन बसते आणि 'ल्ली'चा पाय मोडलेला दिसतो. पहिले दोन महिने मी हे दिसेल त्याला दाखवत होतो. बायकोलाही दाखवलं.

मग ऑफिसच्या विंडोज लॅपटॉपवर तीच रेपो (प्रकल्पाचं गिटमधलं फोल्डर) उघडली तर सगळं नीट. म्हणजे गिट-केला उगाच शिव्या घातल्या. ते टीसीएल भाषेत, खिडक्या काढणारं टीके वापरून लिहिलंय, आणि लिनक्सवर टीके देवनागरीची जुळणी न करता एकेक अक्षर सुटं मांडतं. राग आहेच, फक्त पत्ता बदलला.

मत खरं बदललं ते जुलैत. सहकाऱ्याने शुद्धलेखन तपासायचं छोटं खिडकीवालं टूल वेगळ्या रेपोत केलं होतं, ते आमच्यात घ्यायचं होतं. फाइली कॉपी केल्या असत्या तर त्याच्या दीड वर्षाच्या कमिट गेल्या असत्या. मर्ज करायला, म्हणजे दोन्ही रेपो जोडायला गेलो तर दोन हिस्टरींचा संबंध नाही म्हणून गिटने हात वर केले. २०१६ च्या २.९ आवृत्तीपासून ते असंच करतं, 'अलाऊ-अनरिलेटेड-हिस्टरीज' असं मुद्दाम सांगावं लागतं. सांगितलं. दोन्हीकडे रीडमी नावाची माहितीची फाइल होती, तेवढी एकच टक्कर (कॉन्फ्लिक्ट).

मग गिट-के उघडलं. दोन रेघा, दोन वेगळ्या मुळांतून येऊन एका ठिपक्यात मिळालेल्या. आणि गंमत म्हणजे गिट-के स्वतः असंच गिटमध्ये आलंय. पॉल मॅकेरास यांचा हा स्वतंत्र प्रकल्प; जून २००५ मध्ये, गिट जेमतेम अडीच महिन्यांचं असताना, गिटचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी तो सगळ्या हिस्टरीसकट मर्ज केला. समान पूर्वज एकही नाही. सगोत्र नको म्हणणाऱ्यांनाही पसंत पडावी अशी सोयरीक. शॉन पिअर्स यांचं गिट गुई २००७ मध्ये आलं ते थेट वेगळ्या फोल्डरमध्ये, म्हणजे फाइली आदळायचा प्रश्नच नाही. हे आधी वाचलं असतं तर माझा रीडमीचा घोळ वाचला असता.

लायसन्स घेणार नाही. वेलांटीवर उपाय काढलाय: घरच्या मशीनवर कमिट लिहिताना शब्द बदलतो. दीर्घ वेलांटी तशीही अक्षरानंतरच येते, त्यामुळे 'किल्ली'ची 'चावी' केली. जोडाक्षर टाळायला 'दुरुस्ती'ऐवजी 'सुधारणा'. 'निश्चित'ला मात्र अजून काही सापडलेलं नाही.