पाण्याची आठवण की नॅनोकण? २०० नंबरच्या गोळ्या नेमकं काय करतात

परवा दादरला वहिनींकडे गेलो तर मटार सोलता सोलता म्हणाल्या, भाऊजी, छोट्याच्या सर्दीसाठी होमिओपॅथी चालू ठेवू की बंद करू? म्हटलं आधी डबीवरचा नंबर बघा, सगळं घोडं तिथेच अडतं.

३० नंबर म्हणजे शंभरपट पातळ, आणि असं ३० वेळा, म्हणजे १ वर ६० शून्यं. १२ च्या आसपासच मूळ औषधाचा शेवटचा रेणू संपतो. जगातल्या सगळ्या महासागरांत मिळून एक थेंब टाकला तरी आपण जेमतेम १३ ला पोचतो. मग २०० नंबर काम करतो तो कशाच्या जोरावर?

सगळ्यात फेमस थिअरी पाण्याच्या आठवणीची, म्हणजे औषध संपलं तरी पाणी त्याची आठवण ठेवतं. १९८८ मध्ये फ्रान्सच्या बेनव्हेनिस्त या शास्त्रज्ञाने नेचर या विज्ञान मासिकात पेपर छापला की मूळ पदार्थाचा रेणूही न उरलेलं पाणी पेशींवर परिणाम करतं, मग नेचरचे संपादक मॅडॉक्स जादूगार रँडीला घेऊन त्याच्या लॅबमध्ये गेले आणि कुठली नळी कुठली हे लपवून प्रयोग केला तर परिणाम गायब. पाण्यातले बंध तसेही सेकंदाच्या अब्जांशापेक्षा कितीतरी कमी वेळात मोडतात. आणि मला कायम पडणारा प्रश्न, आपण पाणी घेतोच कुठे, साखरेची वाळलेली गोळी घेतो, मग आठवण ठेवली कोणी?

नॅनोकणांची, म्हणजे अतिसूक्ष्म कणांची थिअरी मात्र मला खरंच इंटरेस्टिंग वाटते, आणि ती आपल्या पवईच्या आयआयटीतली म्हणून नाही. २०१० मध्ये तिथल्या टीमने सोनं, तांबं, जस्त वगैरे सहा धातूंची बाजारातली औषधं तपासली आणि २०० नंबरमध्येसुद्धा धातूचे कण सापडले. त्यांचा अंदाज असा की बाटली जोरात हलवली की बुडबुड्यांबरोबर कण वर येतात आणि वरचाच थर पुढच्या बाटलीत जातो. छान आहे, पण मेख अशी की ६ नंबरात आणि २०० नंबरात कण साधारण तेवढेच निघाले! मग २०० जास्त स्ट्राँग म्हणून जे सांगतात त्याचं काय करायचं? शिवाय कण असणं वेगळं, त्याने सर्दी जाणं वेगळं.

हॉर्मेसिस, म्हणजे विषाचा अगदी थोडा डोस शरीराला जागं करतो, ही कल्पना विज्ञानात आहे, पण त्यात थोडा का होईना डोस लागतो, त्यामुळे ती फारतर ३एक्स-६एक्सला (एक्स म्हणजे दर वेळी दहापटच पातळ) चालेल. क्वांटम फिजिक्सचं नाव घेऊन समजावणाऱ्यांना मी सोडून देतो.

राहिला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेल्या गोळीनेही बरं वाटणं. सर्दी आठवड्यात आपोआप जाते, डॉक्टर अर्धा तास शांतपणे ऐकून घेतात, पोराला गोड गोळी आवडते. ऑस्ट्रेलियाच्या एनएचएमआरसी या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने २०१५ मध्ये अभ्यासांचे आढावे तपासून अहवाल दिला, एकाही आजारावर उपयोगाचा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. माझं मत इथेच पडतं.

नुसत्या सर्दीला गोळ्या दिल्या तर पैसे सोडून काही जात नाही, पण ताप चढला किंवा धाप लागली तर सरळ मुलांच्या डॉक्टरकडे. वहिनींनी डबी आणली, नक्स व्होमिका २००. म्हणजे आपला काजरा. झाडाची बी, धातू नाही, त्यामुळे पवईचा पेपरही कामाचा नाही.