मीटरवर पाच व्होल्ट दिसले आणि मी फसलो

गाडीतल्या नॅव्हिगेटरचा मूळ चार्जर हरवला म्हणून दुकानातून दुसरा आणला. पाकिटावर ठळक छापलं होतं, ३.१ ॲम्पिअर. माझ्या यंत्राला ५ व्होल्टवर १.२ ॲम्पिअर लागतात. दुपटीहून जास्त मिळतंय म्हटल्यावर मी निर्धास्त झालो.

पहिल्याच रात्रीच्या प्रवासात, दोन तासांनी, नेमका फाट्याच्या अलीकडे पडदा काळा झाला. चार्जर सॉकेटमध्ये होता, त्याचा निळा दिवाही लागलेला होता. रस्ता अनोळखी, मागे मुलं झोपलेली. तेव्हा पोटात जो गोळा आला तो अजून आठवतो.

दुकानदाराने मल्टीमीटर काढून चार्जरला लावला आणि आकडा दाखवला, ५.१. "चार्जर ओके आहे साहेब, तुमची बॅटरीच मेलीये." आणि नॅव्हिगेटरची नवी बॅटरी माझ्या माथी मारली. आकडा डोळ्यांनी पाहिला होता, त्यामुळे शंका घ्यायचं सुचलंच नाही.

आकडा खरा होता, मोजण्याची पद्धत फसवी होती. चार्जरला काहीच जोडलेलं नसताना कसलाही टाकाऊ चार्जर पाच व्होल्ट दाखवतो. त्याचा कस लागतो तो भार पडल्यावर, म्हणजे यंत्र त्यातून वीज ओढू लागल्यावर. नव्या बॅटरीवरही तेच झालं, तेव्हा मी चार्जर आणि केबलच्या मध्ये यूएसबी मीटर, म्हणजे चालू स्थितीतले व्होल्ट आणि ॲम्पिअर दाखवणारं छोटं उपकरण, लावला. पडद्याचा उजेड कमी असताना ४.८ व्होल्ट होते. उजेड पूर्ण वाढवला तर ०.७ ॲम्पिअरलाच ४.३ वर आले! इतक्या कमी व्होल्टला माझं यंत्र चार्जिंग घेतच नाही, ते स्वतःची बॅटरी खात राहतं. म्हणूनच ते लगेच बंद न पडता दोन तासांनी पडत होतं.

मग चार्जर उघडला. पुढच्या टोकाशी जिथे फ्यूज असायला हवा, तिथे नुसती स्प्रिंग थेट पट्टीला टेकवलेली. आतल्या तारा केसांसारख्या बारीक, आणि एका जोडाभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं. हे पाहून मला फसल्यापेक्षा जास्त राग आला. इंजिन चालू असताना त्या सॉकेटला १४ व्होल्टच्या आसपास दाब असतो. आत काही शॉर्ट झालं असतं, तर चार्जरपाशी ते तोडणारं काहीच नव्हतं.

आणखी एक खूण माझ्या उशिरा लक्षात आली. हा चार्जर लावला की उपग्रह सापडायला फार वेळ लागायचा, काढला की लगेच सापडायचे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटरवर, त्यांचा संदेश आपल्यापर्यंत येतो तो अगदी क्षीण. आवरण नसलेल्या स्वस्त सर्किटचा विद्युत गोंगाट त्या संदेशाला सहज झाकोळतो.

तुम्ही नवा चार्जर घेत असाल तर दुकानातच यंत्र जोडून, उजेड पूर्ण करून, मधे यूएसबी मीटर लावून व्होल्ट बघा. ४.७५ च्या खाली जात असेल तर परत द्या. केबलही तपासा, कारण लांब आणि बारीक केबलमध्येसुद्धा व्होल्ट गळतात. "बॅटरी गेलीये" असं कुणी म्हणालं, तर आधी चांगल्या चार्जरवर यंत्र चालवून पाहा.

मी दुकानात परत गेलो. चार्जर उघडलाय म्हणून त्याने तो घेतला नाही, बॅटरीचा तर विषयच टाळला. दुसरीकडून फ्यूजवाला चार्जर घेतला आणि ती 'मेलेली' जुनी बॅटरी पुन्हा बसवली. अजून उत्तम चालतेय.