एका घासाचा नाश्ता: आप्पेपात्र की मिनी मफिन ट्रे?

एका-दोन घासांत संपतील असे छोटे गोड आणि तिखटमिठाचे प्रकार सकाळी घरी करायचे ठरवलं, की आपण आधी पाककृती शोधतो. खरं तर आधी भांडं ठरवायला हवं. गॅसवरचं आप्पेपात्र की ओव्हनमधला २४ खळग्यांचा मिनी मफिन ट्रे? माझ्याकडे दोन्ही आहेत. बऱ्याच सकाळी चुकीचं भांडं काढून झाल्यावर आता मत पक्कं झालंय: गोड असेल तर ट्रे, तिखटमिठाचं असेल तर आप्पेपात्र. अपवाद फक्त अंड्याचा, तो पुढे सांगते.

आप्पेपात्रात पीठ थेट तापलेल्या धातूला टेकतं. दोन-तीन मिनिटांत खालून कुरकुरीत कवच धरतं, मग उलटायचं. ओव्हनमध्ये गरम हवा चहूकडून लागते, काम सावकाश होतं. १८० अंश सेल्सिअसला मिनी मफिनना ११ ते १३ मिनिटं लागतात. ते एकसारखे फुगतात आणि मऊ होतात, पण पात्रातल्यासारखं कवच येत नाही.

आता यात साखर आणा. साखर पाणी धरून ठेवते, म्हणून गोड मफिन दुसऱ्या दिवशीही मऊ लागतो. पण तीच साखर लवकर लाल होते आणि लवकर करपते. पहिला गुण ट्रेच्या बाजूचा, कारण एकदम २४ करून ठेवता येतात. दुसरा आप्पेपात्राच्या विरुद्ध. तिखटमिठाच्या पिठात पाणी धरायला साखर नसते, त्यामुळे ते गार झालं की कोरडं पडतं. त्याची मजा गरम असताना, कवच कुरकुरीत असताना. म्हणजे पात्रातून थेट ताटलीत.

हे मला मधाने शिकवलं. केळं कुस्करून, मध घालून केलेलं पीठ एकदा मोठ्या आचेवर आप्पेपात्रात ओतलं. मिनिट-दीड मिनिटात वास बदलला. उलटून पाहते तर बाहेरून काळपट, आणि मधोमध काडी घातली तर कच्चं पीठ काडीला चिकटून वर आलं. मधात फ्रुक्टोज भरपूर असतं आणि ते साध्या साखरेपेक्षा कमी तापमानाला रंग धरतं. पात्रात गोड करायचंच असेल तर साखर बेताची, आच मंद, वर झाकण. ओव्हनमध्येही मध असेल तर तापमान १० ते १५ अंशांनी उतरवा.

पात्रात उलटण्याची वेळ घड्याळावर सोडू नका. कडेची चकाकी जाते, मधलं पीठ मात्र अजून थरथरत असतं, तेव्हा लाकडी काडी कडेने फिरवायची. तयार असेल तर गोळा स्वतःहून सुटतो आणि गर्रकन फिरतो. ओढावा लागला, तर अजून अर्धं मिनिट थांबा. पूर्ण गोल हवा असेल तर आधी पावच फिरवा, म्हणजे मधलं ओलं पीठ खाली वाहून रिकामी जागा भरतं, आणि मग पुरता उलटा. ट्रेमध्ये ही गंमत नाही. पण उभं राहणंही नाही.

वेळेचा हिशोब फसवा आहे. माझं पात्र ७ खळग्यांचं. एक घाणा पाच-सहा मिनिटांचा, म्हणजे २४ नगांना चार घाणे आणि वीस-बावीस मिनिटं गॅसपाशी. ओव्हन तापायला दहा मिनिटं आणि भाजायला बारा, म्हणजे घड्याळ तेवढंच दाखवतं, फक्त त्या वेळात तुमची आंघोळ उरकते. सात-आठच नग हवे असतील तर मात्र ओव्हन तापवण्यात अर्थ नाही.

घाण्यांची आणखी एक भानगड म्हणजे खाण्याचा सोडा. दही किंवा लिंबू भेटलं की तो लगेच फसफसतो, आणि चौथ्या घाण्यापर्यंत पिठातली हवा निघून गेलेली असते. पहिले टम्म, शेवटचे चपटे, असं होतं ते यामुळेच. पीठ दोन वाट्यांत विभागून सोडा ऐनवेळी घाला. नाहीतर बेकिंग पावडर वापरा. दुहेरी क्रियेच्या बेकिंग पावडरचा बराच भाग उष्णता लागल्यावरच काम करतो, त्यामुळे थोडं थांबणं तिला चालतं.

आता अंडं. फेटलेल्या अंड्यात भाज्या आणि चीज घालून केलेले छोटे घास तिखटमिठाचेच, पण त्यांना आप्पेपात्र मानवत नाही. खालून रबर, वरून ओलं. यांना ट्रे हवा, तोही गरम पाण्याच्या मोठ्या थाळ्यात ठेवून, १६० अंशांवर. मध्यभाग किंचित हलतोय तोवरच बाहेर काढा, आतल्या उष्णतेने तो घट्ट होतो. ओव्हनमध्ये ते फुगतात आणि बाहेर आले की बसतात. घाबरू नका, ते तसेच असतात. कागदी कप वापरू नका, अंडं त्याला असं चिकटतं की निम्मा घास कागदावरच राहतो. सिलिकॉनचे साचे इथे उत्तम. पिठाच्या मफिनना मात्र सिलिकॉनमध्ये रंग फिका येतो.

भाज्यांचं पाणी दोन्हीकडे त्रास देतं. किसलेला कोबी किंवा चिरलेला पालक असेल तर मीठ लावून दहा मिनिटं ठेवा आणि घट्ट पिळा. किसलेलं चीज आप्पेपात्राच्या तळाला लागलं की जळतं. त्यामुळे पात्रासाठी चीजचा छोटा तुकडा मधोमध खोचून वरून थोडं पीठ सोडा, ट्रेसाठी सरळ पिठात मिसळा.

नॉनस्टिक पात्र रिकामं मोठ्या आचेवर ठेवू नका. २६० अंशांपुढे तो लेप बिघडायला लागतो आणि रिकामं भांडं तिथवर पटकन पोचतं. बिडाचं पात्र जड असतं, तापायला वेळ घेतं, पण उष्णता छान धरतं. ट्रे गडद रंगाचा असेल तर दोन मिनिटं आधीच बघा. आणि २४ खळगे घासायला किती कंटाळा येतो, हे ट्रे घेताना कुणी सांगत नाही.

एअर फ्रायरही करून पाहिला. त्याच्या पंख्याने पातळ पीठ एका बाजूला कलतं आणि एका वेळी मावतात थोडेच. आधीपासून घरात असेल तर वापरा, यासाठी विकत घेऊ नका.

उरलेले गोड मफिन फ्रीजमध्ये ठेवायची चूक सगळेच करतात. फ्रीजच्या थंडीत पिठातला स्टार्च लवकर कडक होतो. त्यांना फ्रीझरच बरा, तिथे दोन-तीन महिने टिकतात. अंड्याचे मात्र दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.

एकच घ्यायचं असेल तर? चार माणसांची सकाळची धावपळ असेल, नाश्ता आदल्या रात्री करून ठेवायचा असेल, घरी ओव्हन असेल, तर ट्रे. खाणारे एक-दोघं असतील आणि ताजं, गरमच आवडत असेल तर आप्पेपात्र. मी स्वतः एकच ठेवायचं झालं तर आप्पेपात्र ठेवीन. मंद आचेवर त्यात गोडही जमतं, पण तसं कवच काही ट्रेमध्ये येत नाही.

दोन्ही असतील तर सुट्टीच्या दिवशी एकाच पिठात काम भागतं. दीड कप, म्हणजे साधारण १९० ग्रॅम मैदा, २ लहान चमचे बेकिंग पावडर, पाव चमचा मीठ, १ अंडं, ३ टेबलस्पून तेल, पाऊण कप दूध. गुठळ्या राहिल्या तरी चालतील, पण फार ढवळू नका, नाहीतर मफिन चिवट होतात. निम्म्यात ३ टेबलस्पून साखर आणि कुस्करलेलं अर्धं केळं घालून ते ट्रेच्या १२ खळग्यांत, पाऊण भरेल इतकं. उरलेल्यात मिरपूड, पिळलेला पालक, आणखी चिमूटभर मीठ आणि दोन-तीन चमचे दूध, कारण पात्रातलं पीठ जरा सैल लागतं. ट्रे ओव्हनमध्ये सरकवला की पात्र गॅसवर ठेवायचं. ओव्हनची घंटा वाजेपर्यंत पालकाचे दोन घाणे उतरलेले असतात.