पल्स स्टेप मॉड्युलेटर : आयन सोर्सच्या हाय व्होल्टेजसाठी किती भरवशाचा?

आयन सोर्ससाठी, म्हणजे आयनांचा झोत सोडणाऱ्या यंत्रासाठी, हाय व्होल्टेज सप्लाय घेताना आधी किलोव्होल्ट आणि अँपिअर बघितले जातात. बघायला हवं ते हे, की शॉर्ट झाल्यावर तो काय करतो. आयनांना वेग देणाऱ्या छिद्रांच्या पट्ट्यांमध्ये, म्हणजे ग्रिडमध्ये, ठिणगी पडणं हा इथे बिघाड नाही, रोजचं काम आहे; कंडिशनिंग (ग्रिडला हळूहळू व्होल्टेजची सवय लावणं) चालू असताना तर ती पडतच राहते. प्रत्येक वेळी सप्लायने मायक्रोसेकंदांत बंद व्हायचं, काही मिलिसेकंद थांबायचं आणि पुन्हा व्होल्टेज चढवायचं. या कसोटीवर पल्स स्टेप मॉड्युलेटर, म्हणजे अनेक छोटी मॉड्यूल सिरीजमध्ये जोडून हाय व्होल्टेज देणारा पीएसएम, जुन्या क्रोबारवाल्या (ठिणगी पडताच आउटपुट शॉर्ट करणारा स्विच असलेल्या) सप्लायपेक्षा सरळ उजवा ठरतो. क्रोबार ठिणगीची ऊर्जा स्वतःकडे वळवतो खरा, पण दर वेळी ट्रान्सफॉर्मरला शॉर्ट सर्किटचा दणका बसतो आणि पुन्हा सुरू व्हायला वेळ जातो.

याचं मोठं उदाहरण इटलीत पादोव्हाला आहे. इटर या आंतरराष्ट्रीय फ्यूजन प्रकल्पाच्या न्यूट्रल बीमसाठी उभारलेल्या आणि २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘स्पायडर’ या आयन सोर्सचा ॲक्सिलरेशन सप्लाय भारताच्या वाट्याचा; तो हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी कंपनीने बनवला. ९६ किलोव्होल्ट, ७५ अँपिअर, सिरीजमध्ये १५० मॉड्यूल. म्हणजे एकेकाच्या वाट्याला सरासरी ६४० व्होल्टच येतात. मॉड्यूलमध्ये रेक्टिफायर, कपॅसिटर, आयजीबीटी (वेगवान इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि फ्रीव्हीलिंग डायोड. ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी प्रत्येकाला वेगळी. एखादा आयजीबीटी चालूच झाला नाही तर करंट डायोडमधून पुढे जातो आणि राखीव मॉड्यूल त्याची जागा घेतं. मॉड्यूलचं स्विचिंग आळीपाळीने होत असल्याने रिपलची (व्होल्टेजमधल्या चढउताराची) फ्रीक्वेन्सी वर जाते, फिल्टर कपॅसिटर छोटा लागतो आणि ठिणगीत ओतली जाणारी ऊर्जाही कमी राहते.

खरी गोम आयजीबीटी शॉर्ट होऊन चालूच राहिला तर आहे. बाकी सगळी मॉड्यूल बंद झाली तरी हे एक ६४० व्होल्ट देत राहतं, आणि तेवढे व्होल्ट पेटलेली आर्क जिवंत ठेवायला पुरतात. मॉड्यूलचा कपॅसिटर १० मिलिफॅरडचा धरला तर त्यात २ किलोज्यूल असतात. ग्रिडला १० ज्यूलच्या आसपास ठेवायचं, असं म्हणणाऱ्याला हा आकडा झोप उडवणारा आहे. मेन ब्रेकर उघडायला कित्येक मिलिसेकंद जातात, तोवर काम झालेलं असतं. म्हणून दोन गोष्टींवर अडून बसा : प्रत्येक मॉड्यूलमध्ये डीसी बाजूला फ्यूज, आणि बंद केल्यावर मॉड्यूलचं आउटपुट शून्यावर आलं की नाही हे तपासून मगच रीस्टार्ट देणारा कंट्रोलर. माहितीपत्रकात यातलं दुसरं सहसा दिसत नाही. विचारावंच लागतं.

सप्लाय कितीही चांगला असला तरी केबल तुमची असते. मीटरला १०० पिकोफॅरड धरले तर ३० मीटर केबलमध्ये ९६ किलोव्होल्टला जवळजवळ १४ ज्यूल साठतात आणि आयजीबीटी बंद करून ते थांबत नाहीत. त्यासाठी सोर्सजवळ नॅनोक्रिस्टलाइन कोअरचा स्नबर (ठिणगीची ऊर्जा शोषणारा भाग) लागतो. साधा रेझिस्टर इथे परवडत नाही : ७५ अँपिअरला १० ओहम म्हणजे ५६ किलोवॉट नुसती उष्णता. छोट्या लॅबमध्ये हिशेब उलटा आहे. ५० किलोव्होल्ट, १०० मिलिअँपिअरच्या सप्लायला ५ किलोओहम सिरीजमध्ये टाकले तर ५० वॉट जातात, ५०० व्होल्ट पडतात आणि शॉर्टचा करंट १० अँपिअरवर अडतो. रेझिस्टर मात्र लांब सिरॅमिक बल्कचाच हवा. फिल्मवाला पहिल्या काही ठिणग्यांतच आतून फुटतो, कारण त्या क्षणी पूर्ण ५० किलोव्होल्ट त्याच्यावर येतात.

फुकटचे ट्रिप, म्हणजे ठिणगी नसताना सप्लाय बंद पडणं, हे दुसरं दुखणं. सोर्समध्ये प्लाझ्मा पेटता ठेवणारा १ मेगाहर्ट्झचा आरएफ जनरेटर शेजारीच चालू असतो आणि करंट सेन्सरच्या तारेत घुसतो. १०० किलोहर्ट्झचा आरसी फिल्टर तो दहा पटींनी कमी करतो आणि उशीर होतो १.६ मायक्रोसेकंदांचा, एवढं चालतं. फिल्टर १० किलोहर्ट्झवर आणून ट्रिप गायब केलेले सेटअप असतात, त्यांच्या ग्रिडची कड पुढे काळवंडते. आधी सेन्सरची केबल धातूच्या पाइपमधून न्यावी, अर्थिंग एका बिंदूवर घ्यावं आणि आयजीबीटीला जाणारी गेट कमांड ऑप्टिकल फायबरवरच ठेवावी.

आरएफ जनरेटरबद्दल इथेच एक शेरा. स्पायडरमध्ये सुरुवातीला टेट्रोडचे (व्हॅक्यूम ट्यूबचे) सेल्फ-ऑसिलेटर होते. मॅचिंगच्या, म्हणजे पूर्ण पॉवर सोर्समध्ये जाईल अशा जुळणीच्या, जवळ जाताना फ्रीक्वेन्सी अचानक उडी मारायची आणि पॉवर मिळेनाशी व्हायची. पुढे सॉलिड-स्टेट ॲम्प्लिफायर लावायचं ठरलं. नवीन घेत असाल तर टेट्रोडच्या वाटेला जाऊ नका.

ताब्यात घेण्यापूर्वी तारेची चाचणी समोर करून घ्या. ०.२ मिलिमीटर जाडीची, ६ सेंटिमीटर तांब्याची तार पूर्ण वितळायला साधारण १० ज्यूल लागतात. ती आउटपुटवर, स्पार्क गॅपच्या सिरीजमध्ये लावून आधी पाव, मग अर्ध्या आणि शेवटी पूर्ण व्होल्टेजवर शॉर्ट करावी, तीही तुमच्याच लांबीच्या केबलसकट. तार वितळली नाही, तर तिच्यात गेलेली ऊर्जा त्या मर्यादेच्या आत आहे. त्यानंतर एक मॉड्यूल मुद्दाम बंद करून सप्लाय चालवून बघावा. पंख्यांचे फिल्टर आणि मॉड्यूलचे इन्सुलेटर पावसाळ्याआधी पुसायची जबाबदारी कोणाची, हेही करारातच लिहून घ्यावं. दमट हवेत धुळीच्या थरावरून होणारी गळती ओव्हरकरंटसारखीच दिसते आणि शोध भलतीकडेच चालू राहतो.